मयुरीचं बाहेर जाणं

शेजारची मयुरी नवरीसाठी चिकटवायची नखं बनवते. आधी माप घ्यायला ती नवरीच्या घरी जायची, कधी हट्ट्याला, कधी भरवेलीला. तेवढंच तिचं घराबाहेर पडणं. आता नवरी बोटाजवळ रुपया ठेवून वरून, समोरून, बाजूनं फोटो पाठवते आणि मयुरीच्या फोनात नखाची लांबी, रुंदी, बाकसुद्धा निघतो. सहा महिने झाले, ती कुठंच गेली नाही.

आज मी तिच्याकडे बसले होते. रामपायलीच्या नवरीला ती फोनवर म्हणाली, "फोटो साफ नाही आले, ताई. मलेच या लागते." फोटो चांगले होते, मी पाहिले होते.

तिची सासू किसनाबाई तांदूळ निवडत होती. "उजेडात हात धरून आणखी पाठव म्हणा तिले."

फोटो पुन्हा आले.

मी म्हटलं, "किसनाबाई, मी उद्या रामपायलीच्या मंदिरात जातो. मयुरीले नेऊ का सोबत?"

"तुमी तं रोज आरती फोनातच पायता, वहिनी. मंग तुमाले तरी काहून जा लागते?"

मयुरीनं अंगठ्याचा फोटो मोठा केला आणि माप लिहायला घेतलं.