सत्कारमूर्तींचा शर्ट

आयुष्यात मी कपडा एकदाच धुतला, आणि तो नेमका अमेरिकन फुटबॉलच्या पाच सर्वश्रेष्ठ खेळाडूंच्या सह्यांचा शर्ट होता.

आमचे जावई सुमेधराव मूळचे सडक अर्जुनीकडचे, आता अमेरिकेत नोकरीला. लग्नाला दोन वर्षं झाली तरी त्यांचं-माझं बोलणं "नमस्कार मामाजी, तब्येत?" आणि "बरी आहे" याच्यापुढे सरकलं नव्हतं. त्यांना वेड एकच, अमेरिकन फुटबॉलचं. हा फुटबॉल हाताने खेळतात. (एकाने चेंडू पोटाशी धरून पळायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या अंगावर पडायचं. आमच्या गावात, कुडव्यात, पाण्याचा टँकर आला की साधारण हेच होतं, फक्त शिट्टी वाजवायला कोणी नसतं.)

यंदा सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी आपल्या गावच्या शाळेत एक कार्यक्रम ठरवला: या खेळातल्या आजवरच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूंचा जाहीर सत्कार. तो नीट झाला तर हेडमास्तर शाळेतल्या पोरींना या खेळाची टीम काढायला मैदान देणार होते. आदल्या दिवशी सकाळी जावई घरी आले आणि त्यांनी चक्क माझ्या हातात एक पुडकं ठेवलं.

"मामाजी, यात माझा शर्ट आहे. पाचही दिग्गजांच्या सह्या आहेत. एकेकाला गाठायला वर्षं गेली. उद्या त्यांच्या जागी सत्कार याचाच. आमच्या घरी पोट्टे लय आहेत, म्हणून तुमच्यापाशी ठेवून राहिलो."

माझा ऊर भरून आला. जावयाने पहिल्यांदाच माझ्यावर काही सोपवलं होतं! मी इतका गहिवरलो की सह्या नेमक्या कुठे आहेत, हे विचारायचं राहूनच गेलं.

मी आयुष्यभर सरकारी कारकून. सही म्हणजे कागदावर, खाली, उजव्या कोपऱ्यात, शक्यतो शिक्क्यासकट. पुडक्यात तसा कागद निघालाही: जाड, सोनेरी शिक्क्याचा आणि खाली झोकदार सही. (तो शर्ट अस्सल असल्याचा दाखला होता, हे नंतर कळलं.) खेळाडू पाच आणि सही एकच, हे मला मुळीच खटकलं नाही. बाकी चौघांकरिता एकाने केली असणार, आमच्या कचेरीत असंच चालायचं. मी कागद कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

मग शर्टाकडे पाहिलं. पांढरा, दोन माणसं मावतील एवढा, कोपरांवर हिरवट डाग, आणि छातीपासून पोटापर्यंत काळ्या शाईची गिचमिड. विमानतळावर सामान तपासणाऱ्यांनी काहीतरी खरडलं असावं, असा मी अंदाज केला. उद्या चारचौघांत सत्कार आणि सत्कारमूर्ती असे मळके? जावयाची काय शोभा राहील? बायको, शालू, कोहमाऱ्याला बहिणीकडे गेलेली. म्हणजे आता सगळी भिस्त माझ्यावरच होती.

आधी सोडा लावला, मग लिंबू, मग ब्लीचिंग पावडर. शाई चिवट होती, पण मीही काही कमी नव्हतो. शेवटी स्पिरिटचा बोळा फिरवला आणि शर्ट असा निघाला की जाहिरातीत दाखवावा.

संध्याकाळी शालू आली. दोरीकडे बघून म्हणाली, "हा कोनाचा जी?"

"जवायाचा. एक डाग ठेवला नाही मी."

"अन् त्याच्यावरच्या सह्या?"

"सह्या कपाटात आहेत."

तिने फोन काढला. आमच्या पोरीने पाठवलेला फोटो होता: जावई तोच शर्ट छातीशी धरून हसताहेत आणि फोटोत प्रत्येक गिचमिडीखाली पोरीने टाकलेलं एकेका दिग्गजाचं नाव. 

"फोन करा अन् सांगून द्या," शालू म्हणाली.

"कसं सांगू? माणसानं पहिल्यांदा काही ठेवायला दिलं."

"मंग करा तुमच्या मनानं. तसंही तेच करता."

माझ्या मनाने मी काळा मार्कर आणला. शालूने फोटो मोठा करून धरला आणि मी एकेक महान खेळाडू उतरवू लागलो.

"हा पयले डोंगरावानी चढते," ती सांगे, "मंग घसरते. तुमचा घसरून नाही राहिला."

चौथ्यापर्यंत माझा हात असा बसला की पाचवा मी न बघताच ठोकला.

दुसऱ्या दिवशी शाळेत मांडव, माईक, सगळं होतं. खेळाडू काही येणार नव्हते, म्हणून मधल्या खुर्चीवर हँगरला शर्ट बसवला. सरपंचांनी त्याला हार घातला, खांद्यावर शाल पांघरली, आणि मांडी नसल्यामुळे श्रीफळ खुर्चीवर ठेवलं. एका आजीने विचारलं, "पाव्हणे कवा येतेत?" हेडमास्तर म्हणाले, "हेच पाव्हणे."

पोरींना सह्या दाखवायला जावई वाकले आणि वाकलेलेच राहिले. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मामाजी, हे पाचही जण सहीखाली रेघ मारून दोन टिंबं कवापासून देऊन राहिले?"

माझा कारकुनाचा हात! पाचही अमेरिकन दिग्गजांनी पेन्शनच्या अर्जावर करावी तशी सही केली होती.

"धुतला," मी म्हणालो.

"काऊन?"

"मळका होता."

"ते हिरवे डाग? ते तर मैदानावरचे होते, त्यातल्या एकाच्या शेवटच्या सामन्याचे."

"तेही काढले."

जावई मला घेऊन शर्टापाशी गेले आणि त्यांनी बाही उलटून कोपर पाहिलं. मला खरोखर रडू येत होतं. त्यांनी शर्टाचा वास घेतला. मग म्हणाले, "तेही? स्पिरिट लावलं?" मी मान डोलावली, आणि त्या माणसाला असं हसू फुटलं की शालीसकट सत्कारमूर्ती खुर्चीवरून घसरले.

माईकवर त्यांनी सरळ सांगून टाकलं, "खेळाडू महान आहेत, पण सह्या माझ्या सासऱ्याच्या आहेत." पोरी खिदळल्या. मग त्यांनी श्रीफळ उचललं, "चेंडू जवळपास असाच असतो," म्हणत ते काखेत धरून पळून दाखवलं आणि एका पोरीच्या हातात दिलं. पुढच्या क्षणी ती मांडवाबाहेर आणि सगळी शाळा तिच्यामागे. हेडमास्तर ओरडले, "मैदान घेऊन टाका जी, पन मांडव सोडा!"

परतीच्या वाटेवर जावई गाडीत मला सामना समजावत होते आणि मी विचारत होतो. पाय वापरत नाहीत तर फुटबॉल कायले म्हणतात, यावर आम्ही भांडलोसुद्धा. "पुढच्या वर्षी अमेरिकेत या, पाचही जणांना आपण मिळून शोधू," ते म्हणाले. इतका आनंद मला निवृत्तीच्या समारंभातही झाला नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी शर्ट टेबलावर पसरला आणि माझ्या हाती मार्कर दिला. "आता सहावी सही तुमची. खरी."

सगळे बघत होते. पाच महान खेळाडूंना सहज उतरवणारा माझा हात माझ्याच नावावर लटपटला. रेघ वाकडी गेली, टिंब एकच पडलं.

शालूने शर्ट उजेडात धरला, सहाही सह्या नीट न्याहाळल्या आणि शेवटच्या सहीवर बोट ठेवून म्हणाली, "पाच ठीक आहेत. हे एक मात्र नकली वाटते."