खाणीतली भाकर

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीआधी बायांनी पांढऱ्या मातीला जायचा दिवस ठरवला आणि आनंदानं मला घास गिळवेना.

कारंज्यापासून तीन कोसांवर आमचं गाव. एस.टी. कारंज्यापर्यंतच, पुढे आपले पाय. गावाच्या उगवतीला एकामागोमाग दोन तळी आणि त्यांच्या पलीकडे माळावर दगडाच्या जुन्या खाणी. आसपासच्या जुन्या देवळांना दगड इथूनच गेला, असं म्हातारी माणसं सांगत. दगड काढणारे कधीच निघून गेले, पण त्या खड्ड्यांच्या पोटात पांढरी माती मिळायची, हातात घेतली की लोण्यासारखी. दिवाळीआधी आसपासच्या गावांतल्या बाया ती टोपल्या भरभरून न्यायच्या आणि भिंती पोतारायच्या. माझ्या माहेरच्या बायाही यायच्या, खाणीच्या पलीकडच्या अंगानं, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. आमच्या बायांनी नेमका तोच दिवस धरला होता.

म्हणजे आई भेटणार! वैशाखात लग्न झालं तेव्हापासून मी तिला पाहिलं नव्हतं. पंचमीला भाऊ न्यायला आला, तर सासूबाईंनी निंदणाचं कारण सांगून त्याला एकटाच परत पाठवला. त्याचा राग माझ्या नाकावर अजून होता. पण भेटीपेक्षाही मोठी गोष्ट माझ्या मनात होती. मला आईला माझ्या हातची भाकर खाऊ घालायची होती.

त्याचं असं की, माहेरी मला भाकर येत नव्हती. थापायला घेतली की काठ फाटायचा, तव्यावर टाकली की तुकडे. माझ्या पाठवणीच्या वेळी आई धाय मोकलून रडली, ती मी चालले म्हणून नाही, भाकर येत नसताना चालले म्हणून. सगळ्या मांडवासमोर तिनं तसं बोलून दाखवलं. सासरी सहा महिने मी चुलीपुढे हात भाजून घेतले आणि आता माझी भाकर टम्म फुगायची. पण हे आईला सांगणार कोण? सासूबाई चांगलं म्हणायच्या नाहीत, वाईटही म्हणायच्या नाहीत. समोरची भाकर खायच्या आणि ताट सरकवायच्या.

त्या दिवशी पहाटेच उठून मी सहा भाकरी थापल्या, आंबाडीची भाजी केली, जवसाची चटणी कुटली आणि सगळं फडक्यात बांधलं.

"दोघींले सहा भाकरी?" सासूबाईंनी विचारलं. "खाणीत काय पंगत हाय काय वं?"

"चालून भूक लागते," मी म्हटलं. त्यांनी फडक्याकडे पाहिलं आणि टोपलं उचललं.

आम्ही अकरा जणी निघालो. वाटेच्या दोन्ही अंगांनी ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, कापसाची बोंडं नुकती उकलायला लागलेली. घुंगट मागे पडले, हसणं मोकळं झालं. पहिल्या तळ्यात शिंगाड्याचे वेल पसरले होते. बायांनी राखणदाराला बोलण्यात गुंतवलं आणि ओंजळ ओंजळ शिंगाडे ओटीत टाकले. मी इतकी हसले की पोटात दुखायला लागलं. दुसऱ्या तळ्याच्या पाळीवर मात्र मी धावतच सुटले.

"अवं, माती काय पळून जाऊन राह्यली?" मागून कोणीतरी ओरडलं.

खाणीच्या काठावर पोचले आणि खाली पाहिलं. पलीकडच्या भिंतीशी सातआठ बाया खणत होत्या आणि त्यांतली निळ्या लुगड्याची माझी आई होती. उतारावरून मी कशी खाली गेले ते मला आठवत नाही. तिच्या हातांची पांढरी माती माझ्या तोंडाला, केसांना, सगळीकडे लागली. ती सारखी म्हणत होती, "वाळली वं माही पोर, वाळली." मी मुळीच वाळले नव्हते.

सगळ्या जणी सावलीला जेवायला बसल्या. मी फडकं सोडलं, भाकरीवर भाजी ठेवली आणि तिच्यापुढे धरली. आईनं हात मागे घेतला.

"मले चालत नाही ना बाई."

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न आईनं खायचं नाही, ही रीत मला ठाऊक होती. पण ती घरात लागू. खाणीत कोणाचं घर आलं, असा माझा हिशोब. सहा महिने मी तो मनात पक्का धरून बसले होते.

"हे काय घर हाय?" मी चिडून म्हटलं.

"पीठ तं त्यायच्या घरचं हाय ना," आई हळूच म्हणाली. भाकरीवरून मात्र तिची नजर हलेना. तिनं वाकून काठ पाहिला, पापुद्रा पाहिला. मग सासूबाईंकडे वळली आणि चाचरत म्हणाली, "विहीणबाई, तुमीच खाऊन सांगा ना, कशी झाली."

मी कपाळाला हात लावायची बाकी होते. साऱ्या जगात विचारायला हीच बाई सापडली! दोन्ही गावांच्या बाया चावायच्या थांबल्या.

सासूबाईंनी माझ्या हातातली भाकर घेतली आणि मोडली. सावकाश, नेहमीसारखी, एक घास, दुसरा घास. चेहऱ्यावर काही नाही. आई त्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि प्रत्येक घासाबरोबर स्वतःही गिळत होती. भाकर संपली. सासूबाईंनी बोटं पुसली. आता त्या टोपलं उचलणार, असं मला वाटलं.

त्यांनी माझ्यापुढे हात केला.

"दुसरी दे."

घरात त्यांनी दुसरी भाकर कधी घेतली नव्हती, हे आईला कुठून माहीत असणार? पण ती ताडकन उठली, माझ्या माहेरच्या बायांकडे वळली आणि अख्ख्या खाणीला ऐकू जाईल अशी ओरडली, "ऐकलं काय वं? दुसरी मांगतली माह्या पोरीची, दुसरी!"