शाळूवर ताणलेली कॅसेट

जालन्याहून राजूरकडे जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, एक शेत लागतं. कणसं दुधात भरली की त्या शेतावर लाल-चंदेरी फिती आडव्या ताणलेल्या दिसतात. वारा सुटला की त्या थरथरतात, त्यांच्यातून जाडसर घूं-घूं निघते आणि पाखरं बिचकून शेजारच्या रानात जाऊन बसतात. आता या फितींची गुंडाळी कृषी केंद्रात विकत मिळते. तीसेक वर्षांपूर्वी मी आमच्या शेतावर एका कॅसेटची फीत अशीच ताणली होती. पाखरांसाठी ताणली, असं घरी सांगितलं होतं. ते खोटं होतं. मला पुरावा नाहीसा करायचा होता. चूक माझी होती आणि ती भोगली माझ्या धाकट्या बहिणीनं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं सगळं नुसतं गाण्याच्या आवडीचं आहे, असं वाटायचं.

आवडीचं तर ते आहेच. मला ओरडणारं, गुरगुरणारं गाणं आवडतं. हेवी मेटल म्हणतात त्यातलंही सगळ्यात काळंकुट्ट, ज्यात गाणाऱ्याचा एक शब्द कळत नाही, ते. पन्नाशी गाठलेला, बियाण्याच्या गोदामावर नोकरी करणारा, शुगरची गोळी घेणारा माणूस सकाळी कानात हे घालून मोतीबागेकडे फिरायला जातो, याचं बायकोला अजून नवल वाटतं. एकदा तिनं इयरफोनचं एक बोंडूक आपल्या कानात घालून पाहिलं आणि लगेच काढलं. "अहो, ह्याची दाढ उपटून राह्यलेत का?" म्हणाली. मी हसलो. पण त्यातही आवडीनिवडी असतात, हे तिला कसं सांगू? उंच किंचाळणारे गायक मला फार वेळ सोसत नाहीत. किंचाळी डोक्यातून निघते आणि डोक्यातच जाऊन बसते. गुरगुर मात्र बेंबीच्या खालून उठते, छातीत फिरते आणि मग तोंडाबाहेर पडते. मयताच्या घरी काही बाया गळा काढून रडतात आणि एखादी कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून नुसती हुंकारते. मला त्या हुंकाराच्या जातीचा आवाज लागतो. ओरडण्याआधी गायकानं ओढलेला श्वास ऐकू आला तर मी तो तुकडा पुन्हा मागे नेऊन ऐकतो. यंत्रात घालून गुळगुळीत केलेली गुरगुर मला पिठाच्या गिरणीसारखी वाटते. आवाज मोठा, आत माणूस नाही.

ही पारख माझी स्वतःची नाही. ती मला बहिणीनं दिली, शाळूच्या रानात, माळ्यावर बसून. पाखरं राखणं आमच्याकडे घरातल्या लहानांचं काम. चार मेढी रोवून त्यावर फळ्या टाकलेल्या, वर कडब्याचं छप्पर. शाळेआधी आणि शाळेनंतर ती तिथं गोफण घेऊन उभी राहायची आणि हाळी द्यायची. तेव्हा ती नववीत होती, आणि तिच्या हाळीनं दोन रानांपलीकडची पाखरं उठत. मी जालन्याला कॉलेजात होतो. वसतिगृहातल्या एका मुलानं मला कोऱ्या कॅसेटवर भरलेली ही गाणी दिली होती. वर ना नाव ना गाव. सुटीत मी ती घरी आणली आणि भजनांसाठी घेतलेला टेप पंच्याखाली लपवून माळ्यावर नेला. मला वाटलं, ती घाबरेल. तिनं मान तिरकी करून पहिलं गाणं पूर्ण ऐकलं आणि निकाल दिला, "ह्यो बराबर करतो, दादा. पोटानं वरडतो." दुसऱ्या बाजूचा गायक लागला तशी म्हणाली, "हा घशानं वरडून राह्यला. दोन दिसांत बसंल ह्याचा आवाज." पाखरं राखणाऱ्याला हे शिकावंच लागतं, घशानं ओरडणारा पहिल्याच दुपारी मुका होतो. आजही नवं काही ऐकताना मी आधी तेवढंच बघतो: पोटानं की घशानं. इतक्या वर्षांत तिचा तो निकाल मला एकदाही खोटा ठरलेला दिसला नाही.

चार-सहा दिवसांत तिला ते साधलं. हाळी देता देता ती आवाज खाली उतरवायची, अजून खाली, आणि एका जागी तो आवाज फुटून आत काहीतरी घरघरू लागायचं. तेरा-चौदा वर्षांची, दोन वेण्यांची पोर, आणि आवाज असा की बांधावरचं कुत्रं शेपूट घालून निघून जायचं. आम्ही हसून हसून लोळायचो. त्या हिवाळ्याइतका निर्मळ आनंद मला पुढं गाण्यानंच काय, कशानंच दिला नाही. ते दिवस मिळाले, याबद्दल मी कुणाचे आभार मानू असं होतं. आणि ज्याचे मानायचे तिच्याशीच मी कसा वागलो, ते आठवून मान खाली जाते.

एका संध्याकाळी टेपचे सेल उतरले. मग तीच उभी राहिली आणि आख्खं गाणं एकटीनं म्हटलं. मी खाली बांधाआड आडवा पडून ऐकत होतो. त्याच वेळी गवताचा भारा घेऊन चुलती पाणंदीनं चालली होती. तिनं वर पाहिलं, भारा तिथंच टाकला आणि घराकडे पळत सुटली. आम्ही घरी पोचेपर्यंत अंगणात माणसं जमली होती. चुलती सांगत होती, पोरीच्या अंगात आलंय, तोंडातून बाप्याचा आवाज निघतोय. आईचा चेहरा पांढराफटक. बाबांनी मलाच विचारलं, "तू व्हतास ना रानात? काय झाल्तं?"

एवढंच सांगायचं होतं की हे गाणं आहे, मी आणलंय, मीच तिला ऐकवलंय. पण कॉलेजच्या खर्चातून हे असलं शिकतोस का, असं बाबा चारचौघांत विचारतील, याची भीती वाटली. मी म्हणालो, "मला न्हाई माहीत. मी विहिरीवर गेल्तो." बहिणीनं माझ्याकडे एकदा पाहिलं. तिनं तेव्हाही माझं नाव घेतलं नाही आणि नंतरही नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी कॅसेटमधली फीत ओढून काढली आणि शाळूवर या मेढीपासून त्या झाडापर्यंत ताणली. ती वाऱ्यावर वाजू लागली तसे बाबा खूश झाले. "पोरानं डोकं चालवलं. आता राखणीला कुणी नको," म्हणाले. तिचं माळ्यावर जाणं तिथंच थांबलं. पुढं अकरा चतुर्थ्या आई तिला उपाशीपोटी राजूरच्या गणपतीला चालत घेऊन गेली. मी त्या काळात जालन्यात होतो, अभ्यास करत होतो.

तिचं लग्न ठरताना आईनंच पाहुण्यांना अंगात आल्याचं सगळं सांगितलं. फसवणूक नको म्हणून. माणसं चांगली निघाली, त्यांनी तरीही पदरात घेतली. आज वाटूरच्या फाट्यावर नवरा-बायकोचं चहा-भज्यांचं हॉटेल आहे. रस्त्यापलीकडच्या ट्रकवाल्याला ती इथून हाक मारते तेव्हा मला कळतं, आवाज अजून पोटातूनच येतो.

मागच्या महिन्यात गेलो होतो. दुपारची वेळ, बाकावर चहा पिणारा एक म्हातारा सोडला तर गिऱ्हाईक नव्हतं. दाराशी तिच्या सासूबाई सुपात मिरच्या खुडत बसल्या होत्या, मेहुणे आत चहाच्या गॅसपाशी होते. मी कानातलं एक बोंडूक बहिणीला दिलं. तिनं पिठाचा हात पुसून ते घातलं, मान तशीच तिरकी केली. "हा चांगलाय रे," ती हसून म्हणाली. "पर दमला बघ शेवटाला." इतक्या वर्षांनी ती हसताना पाहून माझ्या तोंडून निघून गेलं की मी त्या कॅसेटबद्दल तुझा गुन्हेगार आहे, ती तोडायला नको होती.

"कॅसेटीचं काय घेऊन बसला दादा," ती म्हणाली. भजी उलटत राहिली. मग म्हणाली, "आई मरेपर्यंत भेली मला. माझं पहिलं लेकरू झालं, तव्हा रात्रभर बाजंखाली कोयता ठेवून बसली व्हती. लेकराला माझ्यापासून राखायला." आवाज खाली आणून तिनं मानेनं दाराकडे दाखवलं. "ह्या अजून अमावस्येला माझ्यावरून लिंबू उतरवत्यात. माया करत्यात, पर भेत्यात. मला सांगून काय व्हतंय? मला तर ठाऊकच हाय."

आईला सांगायची वेळ मी घालवून बसलो होतो. तिला आपल्या लेकीची भीती न बाळगता आजी होता आलं असतं, आणि ते माझ्या एका वाक्यावर अडलं होतं. माणसाची उमेद जाते, दात जातात, आवडी बदलतात. पण न बोललेलं वाक्य आहे तसंच राहतं, कुणीतरी येऊन ते बोलेपर्यंत. माझं नशीब एवढंच थोर, की ते ऐकणारं एक माणूस अजून शिल्लक होतं.

मी उठलो आणि दाराशी जाऊन सासूबाईंसमोर जमिनीवर बसलो. मेहुणे गॅस बारीक करून बाहेर आले. बाकावरचा म्हातारा चहा प्यायचा थांबला. मी हात जोडले.

"मावशी," मी म्हणालो, "हिच्या अंगात कधीच काही आलं न्हाई. ते गाणं व्हतं. मी आणल्तं, मीच तिला ऐकवल्तं, आणि वडिलांनी विचारलं तव्हा भिऊन खोटं बोललो. ती माझ्यापायी गप राह्यली. आईला सांगायचं राहून गेलं, आता तुमच्याम्होरं सांगतो. चुकलं माझं. तुम्हीबी माफ करा, आणि बाई, तूबी."