वडाचा दोरा

वादळात मोडलेल्या वडाच्या फांद्या यंत्रात घालून त्यांचा भुगा करायचं काम सकाळपासून आमच्या फाटकाशी चाललंय. मघाशी यंत्र थांबवून एक कामगार पारंबीला गुंडाळलेला वटपौर्णिमेचा दोरा कापायला लागला. त्यात माझाही असणार. मला रागच आला.

"राहू द्या की तो!"

"ताई, दोरा हाताला अडकला की यंत्र माणसालाच आत ओढतं."

त्याच्या स्वतःच्या मनगटावर लाल दोरा लोंबत होता. मी बोट दाखवलं. तो हसला.

"हा बायकोनं बांधलाय."

यंत्र पुन्हा सुरू झालं. मी खिडकीशी बसून आहे. जपायला म्हणून आपण माणसांना काय काय बांधून ठेवतो! यंत्राचा आवाज जरा बदलला, की उठून त्याचे हात मोजते.