चुन्याचा पट्टा

मी दहावीला विज्ञान शिकवतो. भिंगांचा धडा आला की फळ्यावर डोळ्याची आकृती काढतो, बाण मारून नेत्रभिंग दाखवतो आणि वयानुसार ते गढूळ झालं की त्याला मोतीबिंदू म्हणतात, हे वहीत लिहून देतो. एवढं करून संध्याकाळी कोरीटला घरी पोचायचो, तेव्हा माझे वडील, आप्पा, ओट्यावर चष्म्याशिवाय पेपर वाचत बसलेले असायचे. मला त्याचं कौतुक वाटायचं.

सत्तरीत आप्पांचा वाचायचा चष्मा सुटला होता. एक दिवस तो खुंटीला लागला तो लागलाच. गावभर ते मिरवायचे. घरचं दूध-तूप खाल्लं म्हणून नजर परत आली, हल्लीची पोरं मोबाइल बघून चाळिशीच्या आत आंधळी होणार, वगैरे. मोतीबिंदू धरू लागला की काही जणांना काही दिवस जवळचं असं बरं दिसायला लागतं, आणि ती काही चांगली खूण नव्हे. हे दुसऱ्या कुणाला नाही तरी मला कळायला हवं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्या घरात होता.

त्याच सुमाराला आप्पांना मिरचीत रंग दिसेनासा झाला. आमच्याकडे मिरची लाल झाली की तोडून ओलीच बाजारात नेतात. तोडणीवर लक्ष ठेवायचं काम सालदाराचं. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेत सांभाळणारा माणूस. त्याचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला संपतं आणि पुढचं त्याच दिवशी ठरतं. आमचा सालदार सोळा वर्षं आमच्याकडेच होता. आप्पा ढिगातली मूठभर मिरची उचलून त्याला म्हणायचे, मातकट आहे, अर्धी कच्ची तोडलीस. तो ऐकून घ्यायचा. व्यापाऱ्याची कधी तक्रार नव्हती, पण व्यापाऱ्याला काय कळतं, असं आप्पांचं म्हणणं. मीही मान डोलवायचो. खरं सांगायचं तर मी मिरचीकडे बघतच नव्हतो. घरात वाद नको, एवढंच बघत होतो.

त्या हिवाळ्यात सालदाराने विहिरीच्या काठाला चुन्याचा वीतभर रुंद पट्टा ओढला. बांधावर जिथे वळण आहे तिथल्या दोन दगडांनाही चुना फासला. आप्पा भडकले. पोळ्याला लोक बैल रंगवतात, तू विहीर रंगवायला लागलास का, म्हणाले. कामात लक्ष नाही याचा त्यांना आणखी एक पुरावा मिळाला. आखाजीला त्यांनी त्याला सांगून टाकलं, यंदा दुसरीकडे बघ. सोळा वर्षांचा माणूस सणाची पुरणपोळी खाऊन आमच्या ओट्यावरून खाली उतरला. मी दारातच उभा होतो.

पुढच्या थंडीत समोरून आलेल्या मोटरसायकलच्या उजेडाने आप्पांचे डोळे दिपले आणि ते रस्त्याकडेच्या चारीत पडले. हात मुरगळला, पण त्या निमित्ताने नंदुरबारला डोळे दाखवून झाले. दोन्हीकडे मोतीबिंदू होता. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आधी झालं. काळा चष्मा, थेंब, धूळ नको, डोळ्याला हात नको.

दहाएक दिवसांनी आईने कुटायला म्हणून डब्यातली गेल्या वर्षीची सुकी मिरची काढली. आप्पा येऊन शेजारी उभे राहिले. आई म्हणाली, लांब व्हा, डोळ्यात जाईल. त्यांनी एक मिरची उचलली, काळा चष्मा वर सरकवला आणि हात लांब धरून बघितलं. मग मोकळ्या हाताचा तळवा डाव्या डोळ्यावर धरला. मग उजव्यावर. परत डाव्यावर. गणिताचा ताळा करून बघावा तसं त्यांनी पाच-सहा वेळा केलं. मिरची तीच, उजेड तोच. उजव्या डोळ्याला ती लाल दिसत होती आणि डाव्याला मातकट.

ही गेल्या सालाचीच ना, त्यांनी आईला विचारलं. आई हो म्हणाली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

महिनाभराने मला म्हणाले, म्हसावदला चल. आमचा सालदार आता तिथल्या एका शेतकऱ्याकडे होता. केळीला पाणी देत होता. आम्हाला बघून त्याने पाय धुतले आणि खाट टाकली. आप्पा खाटेवर बसले नाहीत. सोळा वर्षं ज्याला नुसत्या नावाने हाक मारली, त्याला त्या दिवशी भाऊ म्हणाले.

"मिरची लाल व्हती, भाऊ. मन्हा डोया खराब व्हतात."

तो पाटाच्या पाण्याकडे बघतच म्हणाला,

"माले मालूम व्हतं, आप्पा. बांधवर तुम्ही पाय चाचपीसन टाकेत. म्हनीसन तं इहिरले पट्टा मारा व्हता."

मग तेव्हाच सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं. मास्तरकीची सवय, दुसरं काय. त्याने आप्पांकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"सालदारनी मालकले आंधया कसं म्हनानं, दादा? तुम्ही तं घरमाच व्हतात."

रागाने बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने नुसतं सांगितलं. मला इतकी लाज वाटली की चहा पिऊन निघेपर्यंत मी वर बघितलं नाही.

तो परत आला नाही. म्हसावदच्या मालकाला शब्द दिलेला होता, आणि आखाजीला त्याने तिथलंच साल पुन्हा धरलं. आप्पांचा डावा डोळाही आता झाला आहे, विहीर त्यांना पार रस्त्यावरून दिसते. काठावरचा पट्टा पावसाने पुसट झाला होता. आप्पांनी स्वतः चुना कालवला आणि वाकून तो पुन्हा होता तसा ओढला. मी बादली धरून उभा होतो.