रावसाहेबांच्या हिरवळीचे नळ

मुंबईच्या एका गिरणीत सहा वर्षं नळ जोडायचं काम शिकून मी रत्नागिरीला परत आलो, तेव्हा गावात हे काम जाणणारं फारसं कोणी नव्हतं. म्हणून रावसाहेबांचं बोलावणं आलं. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. कातळावर बंगला बांधलेला, आणि त्याच कातळावर गाड्या भरभरून माती आणून पसरलेली. जिथे काजूसुद्धा खुरटा वाढतो तिथे त्यांनी गोऱ्या साहेबाच्या अंगणासारखी हिरवळ केली होती.

ती हिरवळ जगवत होता एक म्हातारा पाणक्या. मागच्या विहिरीवरून कावडीने पाणी आणायचं आणि झारीने शिंपायचं, सकाळ-संध्याकाळ. त्याचा उजवा पाय हत्तीरोगाने गुडघ्याखाली खांबासारखा सुजलेला होता. तो पाय ओढत तो गवतावरून फिरायचा.

"त्याच्या कामाबद्दल तक्रार नाही," रावसाहेब मला म्हणाले. "पण संध्याकाळी चहाला माणसं येतात, बायका येतात. तो पाय मला इथे दिसता कामा नये. नळाने पाणी देता येईल का, बोला."

"येईल," मी म्हणालो.

म्हातारा दहा हातांवर झारी घेऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं आणि गुलाबांच्या वाफ्याकडे वळला.

योजना अवघड नव्हती. विहिरीजवळ चिऱ्यांचा उंच चौथरा बांधायचा, त्यावर लोखंडी टाकी. उंचीवरून पाणी उतरलं तरच त्याला जोर येतो. टाकीतून एक मोठा नळ हिरवळीपर्यंत आणायचा, त्याच्या तोंडाशी बंद-उघड करायची चावी, पुढे त्याला बारीक नळांचे चार फाटे, आणि फाट्यांवर ठराविक अंतराने जमिनीबाहेर डोकावणारे पितळी फवारे. टाकीत पाणी चढवायला इंजिन मागवू, असं मी सुचवलं. रावसाहेबांना त्याची धडधड आणि तेलाचा वास नको होता.

"हातपंप बसवा, कुंपणाच्या गडग्यामागे. माणूस आहेच की," ते म्हणाले.

माल मुंबईहून बोटीने आला. चर खणायला वेगळे गडी द्यायला रावसाहेब तयार नव्हते; तेही काम म्हाताऱ्यावरच पडलं. हातभर माती संपली की खाली जांभा दगड लागायचा. त्याने पहार उचलली की तो पाय मागे सरकायचा आणि घाव चुकायचा. एका दिवसात पाच-सहा हातसुद्धा काम पुढे सरकत नव्हतं. मला राजापूरला दुसरं काम मिळायचं होतं, तेही रावसाहेबांच्या शब्दावर. मला घाई होती.

एका दुपारी त्याने विचारलं, "मेस्त्री, पानी आपसूक येतंय काय ह्यातून?"

"टाकी भरली की येतं."

"आन् टाकी कोण भरनार?"

"इंजिन येतंय मुंबईहून," मी म्हणालो. "तुम्ही फक्त चावी फिरवायची, बाबा."

हे मी सहज बोललो नाही. असं सांगितलं तर तो झपाट्याने खणेल, हे मला ठाऊक होतं. आणि तो खणू लागला. जेवायच्या सुट्टीत तो माझ्या पिशवीतली एक सुटी चावी मांडीवर घेऊन फिरवून बघायचा. उघडायला कुठल्या बाजूला, मिटायला कुठल्या, हे त्याने मला तीन-तीनदा विचारून घेतलं. मी न हसता सांगत राहिलो.

त्याच दिवसांत त्याने मलाही एक गोष्ट सांगितली. विहिरीत सोडायच्या नळाचं माप मी मार्गशीर्षात घेत होतो. तो म्हणाला, "मेस्त्री, वैशाखात पानी पार खाली जातंय हो. वायच बघा." मी मान हलवली आणि माप तसंच ठेवलं. पाणक्याने मला नळ शिकवायचा, हे मला सोसलं नाही.

सांध्यांना ताग गुंडाळून, सफेता लावून मी सगळे नळ आवळले. आत गेलेली माती निघून जावी म्हणून फवारे बसवण्याआधी पाणी मोकळं सोडलं, मग फवारे चढवले आणि चर बुजवून टाकले. तोवर पंप पेटीतच होता; टाकी म्हाताऱ्याने आणलेल्या कावडींनी मी वर चढून भरली. पहिल्या दिवशी रावसाहेबांनी चहाला मंडळी बोलावली. मी चावीपाशी उभा होतो. म्हातारा धुतलेला पंचा नेसून माझ्याजवळ आला. चावी आपण फिरवायची असं तो धरून चालला होता.

"अरे ए," रावसाहेब ओटीवरून ओरडले, "तू मध्ये जाऊन उभा राहा. पाणी कुठवर पोचतं ते बघू दे सगळ्यांना."

तो हिरवळीच्या मधोमध जाऊन उभा राहिला. मी चावी उघडली. चारी बाजूंनी पाणी उडालं आणि नेमकं त्याच्यावर पडलं. त्याने तोंडावर हात घेतले. पंचा भिजून पायाला चिकटला, आणि गुडघ्यावर चढलेली, एरवी कापडाआड असायची ती सूजही सगळ्यांना दिसली. एका बाईंनी पदर तोंडाला लावला. पुरुष हसले.

"बघून घ्या," रावसाहेब म्हणाले. "उद्यापासून हे ध्यान इथे दिसायचं नाही."

चावी माझ्या हातात होती. मी ती मिटली नाही. रावसाहेबांच्या खुणेची वाट बघत राहिलो. खरं सांगायचं तर मी फवाऱ्यांकडेच बघत होतो. पाणी कोपऱ्यापर्यंत पोचत होतं, कुठे सुकं राहत नव्हतं. मला आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी त्याला गडग्यामागे नेलं. तिथे रातोरात बसवलेला पंप होता, त्याला लोखंडी दांडा होता.

"इंजिन कुठाय?" त्याने विचारलं.

"हेच ते," मी म्हणालो.

त्याने दांडा धरला आणि वर-खाली करू लागला. टाकी भरायला सकाळचे तीन तास लागायचे, संध्याकाळचे तितकेच. कावड वाहताना तो चालायचा तरी. आता एका जागी उभं राहून पाय दगडासारखा झाला, मग फुटून वाहू लागला. बसून ओढता येईल असा दांडा अर्ध्या दिवसात करून देता आला असता. मी रावसाहेबांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "बसून काम करणारा या घरात मी एकटा पुरे." मी परत विचारलं नाही.

वैशाखात पाणी खाली गेलं आणि विहिरीतला नळ उघडा पडला. पंप हवा ओढू लागला. म्हातारा सकाळभर दांडा मारत राहिला; टाकीत थेंब पडेना. चार दिवसांत गवत पिवळं पडलं. रावसाहेबांनी मला बोलावलं. म्हातारा समोर उभा होता, फडकं बांधलेला पाय जरा उचलून धरलेला.

"दोष पंपात आहे की माणसात?" त्यांनी विचारलं.

मी विहिरीत डोकावून आलो होतो. नळाचं टोक पाण्याच्या हातभर वर लोंबत होतं. म्हातारा माझ्याकडे बघत होता. त्याला ते माझ्या आधीच कळलेलं होतं.

"पंप ठीक आहे," मी म्हणालो.

त्याने उचललेला पाय खाली टेकवला. रावसाहेबांनी त्याला त्याच दुपारी काढलं. सतरा वर्षं तो तिथे होता. त्याने आपलं कांबळं आणि ताटली घेतली, कावड मात्र बंगल्याची म्हणून रावसाहेबांनी ठेवून घेतली. संध्याकाळी माणसं गेल्यावर मी विहिरीत उतरलो, नळाला चार हातांचा तुकडा जोडला, आणि सकाळी पाणी चढलं. मिरजोळ्याचा एक तरणा गडी पंपावर लावला होता. रावसाहेब मला म्हणाले, "बघा, माणसातच दोष होता." राजापूरचं काम त्यांनी मला त्याच आठवड्यात मिळवून दिलं.

म्हातारा राजापूरच्या वाटेवरच्या एका गावी लेकीकडे जाऊन राहिला. पुढे त्याला उठवत नसे, लेक त्याला उचलून अंगणात ठेवायची, असं कोणीतरी सांगितलं. राजापूरला जाणारी मोटार त्या गावात थांबायची. ड्रायव्हर इंजिनात पाणी घालायचा आणि बाकीचे पाय मोकळे करायला उतरायचे. मी त्या वाटेने दोन वर्षं जात-येत होतो. कडेचं तिसरं घर त्यांचं, हे मला माहीत होतं. मी मोटारीतच बसून राहायचो, दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे तोंड करून.