अ‍ॅम्प्लिफायरमधल्या अक्षता

आधी अक्कांचं सांगते, मग माझं. जयनगरातल्या आमच्या दुकानात बिलाच्या काउंटरवर बसतात त्या अक्का. त्यांचे पूर्वज इकडे कानडी मुलखात कधी आले ते त्यांनाही नीट ठाऊक नाही, पण घरात अजून मराठीच बोलतात. मध्येच कानडी शब्द येतात. पहिल्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "स्वल्प सरक की गं," आणि मला वाटलं, ओरडल्याच. जरा सरक, एवढंच म्हणत होत्या. त्या नसत्या तर मी आज परत यशवंतपूरला अगरबत्तीच्या कारखान्यात असते.

परभणीकडून आल्यावर पहिलं काम तिथंच मिळालं होतं. काळी भुकटी उडायची, नाकातोंडात जायची. पुढं पुढं जिना चढला की छाती घरघर करायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे काम सोड, नाहीतर हा दम कायमचा मागं लागेल. सोडून करणार काय? शाळा आठवीतच सुटलेली. खोलीतल्या मैत्रिणीनं या दुकानाचं सांगितलं. स्पीकर, हेडफोन, घरात गाणी ऐकायची मोठाली यंत्रं, असं सगळं तिथं मिळतं. पुसायला, मांडायला, गिऱ्हाइकाला पाणी द्यायला बाई हवी होती. मालक हिंदीत म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बघू." त्या "बघू"ची मला इतकी धास्ती होती की एकच स्पीकर मी दोनदा पुसायची.

वरच्या मजल्यावर ऐकायची खोली आहे. भिंतींना जाड कापड, समोर दोन उंच स्पीकर, मध्ये एकच खुर्ची. दार लावलं की बाहेरची एकही रिक्षा ऐकू येत नाही. स्वतःचा श्वास मात्र येतो. माझी घरघर मला तिथं स्पष्ट ऐकू यायची आणि मी तोंडावर पदर धरून पुसायची. मालकांच्या कानावर गेली तर, हीच भीती.

विचारायचं तर खूप होतं, पण विचारलं की अडाणीपणा दिसतो. म्हणून गप्प. हे अक्कांच्या लक्षात आलं. दुपारी डबा उघडला की त्या म्हणायच्या, "हं, आज काय समजलं नाही ते सांग. त्याशिवाय लोणचं नाही."

मग मी हळूच विचारायची. हेडफोनवर एल आणि आर का लिहितात, उलटा घातला तर काय बिघडतं? अक्का म्हणायच्या, बिघडत काही नाही, पण डावीकडचा तबलजी उजवीकडे जाऊन बसतो. बिनवायरीचा चांगला की वायरीचा? "फिरत ऐकणार असशील तर बिनवायरीचा. बसून ऐकणार असशील तर वायर काय तुला चावते?" स्पीकर असताना हा अ‍ॅम्प्लिफायर कशाला? "स्पीकर म्हणजे नुसतं तोंड. त्यात जोर भरतो तो हा." ती खुर्ची बरोबर मध्येच का? "दोन्ही स्पीकर तिच्यापासून सारख्या अंतरावर हवेत. एक जवळ, एक लांब असला की गाणं तिरकं होतं."

एकदा विचारलं, हेडफोनच्या बारीक पिनेवर ती जाड सोनेरी पिन कशाला चढवतात?

"अ‍ॅम्पचं भोक मोठं असतं म्हणून. आम्ही तिला टोपी म्हणतो. आणि ऐक, टोपी भोकात गेली की स्पीकर गप्प होतात. एका वेळी एकालाच बोलू देतो तो."

मी मान हलवली आणि लोणचं घेतलं. त्या दिवशीचं लोणचं माझ्या जास्त लक्षात राहिलं.

खंडेनवमीला इकडे आयुधपूजा म्हणतात, आणि दुकानादुकानात ती मोठी असते. मालकांनी खाली कोहळा फोडला, मला म्हणाले, वरच्या खोलीतली पूजा तू कर. मला भरून आलं. आमच्याकडे विळा, कोयता, शिलाई मशीन, सगळ्यांना हळदकुंकू लावून वर अक्षता वाहतात. मी तशीच केली. ओल्या कुंकवात तांदूळ कालवले, यंत्रांपुढं झेंडूच्या माळा सोडल्या, हात जोडले. मोठ्या अ‍ॅम्पची भीती सगळ्यात जास्त, म्हणून त्याला मूठ भरून वाहिल्या. त्या दिवशी यंत्रांनी विश्रांती घ्यायची असते, म्हणून मग कुणी काही चालू केलं नाही.

दसऱ्याला सकाळी एक निवृत्त मास्तर आणि त्यांच्या बाई तो मोठा अ‍ॅम्प आणि उंच स्पीकर असा संच घ्यायला येणार होते. मालक म्हणाले, वर लावून ठेव. मी बटण दाबलं. दिवा लागला. आवाज नाही. आवाजाचं चाक थोडं फिरवलं, मग आणखी, मग शेवटपर्यंत. काहीच नाही. तेवढ्यात दिसलं की बाकीच्या यंत्रांवर अक्षता तशाच होत्या आणि मोठ्या अ‍ॅम्पवर जेमतेम दोन-चार. त्याच्या वरच्या बाजूला उष्णता जायला जाळी असते. माझी मूठभर श्रद्धा त्या जाळीतून सरळ पोटात गेली होती.

डोळ्यांपुढं ती काळी भुकटी आली. जिन्यातूनच अक्कांना हाक मारली, ती मला स्वतःलाही ऐकू आली नाही, पण त्या आल्या.

"आधी भिंतीतली पिन काढ," त्या म्हणाल्या. "हात नको लावू अजून. बंद केला तरी पोटात करंट राहतो त्याच्या. स्वल्प थांबू."

थांबलो. खालून मालकांची हाक आली, मास्तर आले होते. अक्का जिन्याकडे तोंड करून म्हणाल्या, "पूजेचं आवरतोय सर, तोवर प्रसाद द्या त्यांना." मग आम्ही दोघींनी चादर अंथरली आणि ते धूड उपडं केलं. लाल तांदूळ पडतच राहिले.

"किती वाढलंस गं त्याला," अक्का म्हणाल्या. "नवरा असता तर खूश झाला असता."

मला हसू येईना. मऊ ब्रशनं जाळी झाडली, विजेरी लावून आत पाहिलं, पुन्हा मांडलं, माळ होती तशी सोडली. चालू केला. दिवा लागला. आवाज नाही.

"जळला अक्का. मी जाते. त्यांना तुम्हीच सांगा."

"कुठं जातेस? रोज तू विचारतेस, आज मी विचारते. आधी ते चाक खाली आण, अचानक वाजला तर मास्तरांचे कान जातील. सरी, बरं. आता सांग, पूजेआधी हा कुणासाठी वाजला?"

"कॉलेजची एक मुलगी आली होती. हेडफोन बघायला."

"स्पीकर वाजले?"

"नाही. हेडफोनच."

"हेडफोन कुठाय?"

"पुसून कपाटात ठेवला."

"आणि टोपी?"

मी माळ बाजूला केली. झेंडूच्या मागं, भोकात, ती सोनेरी टोपी तशीच बसलेली. हेडफोन मी ओढून काढला होता, टोपी मागं राहिली होती. ती उपसली आणि दोन्ही स्पीकरमधून अगदी हळू बासरी यायला लागली. मी खुर्चीची पाठ धरून उभी राहिले. छातीची घरघर आणि बासरी, दोन्ही ऐकू येत होतं.

मास्तर ऐकून, संच ठरवून गेले. मला वाटलं, सुटले. अक्का म्हणाल्या, "आता सरांना सांग."

"कशाला? वाजला ना?"

"आत एखादा दाणा असला तर तो मास्तरांच्या घरी जाऊन धूर करेल. सांग. मी आहे इथं."

मी सांगितलं, जमिनीकडे बघत, मोडक्या हिंदीत. मालकांनी कारागिराला फोन करून अ‍ॅम्प उघडून तपासायला बोलावलं. आत खरंच थोडे दाणे निघाले. ते तळहातावर घेऊन मालक म्हणाले, "अगले साल चावल थाली में ही रखना."

अगले साल. मी ते दोन शब्द घरी जाईपर्यंत मनात धरून होते, सांडतील म्हणून जपून.

अजून मी तिथंच आहे. भीती गेलेली नाही, नवं यंत्र आलं की घाम फुटतो, पण आता विचारते. दम कमी झालाय. अक्कांनी मात्र त्या मधल्या खुर्चीत कधी बसून ऐकलेलं नाही. म्हणतात, ती गिऱ्हाइकाची आहे. त्यांच्या घरी भेगाळलेला फोन आहे, त्यावरच भजनं ऐकतात, फोन पेल्यात उभा करून, म्हणजे जरा मोठं येतं.

अक्का, कधीतरी माझी स्वतःची खोली होईल. तिथं दोन स्पीकर ठेवीन, लहान का असेनात, आणि समोर एक खुर्ची, दोन्हीपासून सारख्या अंतरावर, दोरीनं मोजून. त्या खुर्चीत सगळ्यात आधी तुम्ही बसायचं. लावायचं काय ते तुम्ही सांगाल, टोपी काढलीय ना ते मी आधी बघीन.